मोठ्या छाप्याची गोधडी: आधी मांडायची, मग कापायची, मग पुन्हा मांडायची

ठळक, मोठ्या छाप्याच्या कापडांची गोधडी बिघडते ती शिवणीत नाही, त्याच्या बरीच आधी. पाच-सहा देखणी कापडं आणली जातात, एका दुपारी सगळ्यांचे सारखे चौकोन कापले जातात, हाताला येतील तसे जोडले जातात. पसरून पाहिल्यावर नुसता गलका दिसतो. हत्तीची सोंड एका तुकड्यात, पाय दुसऱ्यात, आणि प्रत्येक तुकडा शेजारच्यावर कुरघोडी करतोय. तोवर कापड कापून झालेलं असतं, परतीची वाट नसते.

खालची पद्धत ही परतीची वाट शिल्लक ठेवण्यासाठी आहे. सगळं कापड एकदम कापायचं नाही. एक तृतीयांश कापायचं, मांडायचं, चुका पकडायच्या आणि मगच उरलेल्या कापडाला कात्री लावायची.

## १. हिशेब आधी, बाजार नंतर

इथे धरलेलं माप सिंगल बेडच्या गोधडीचं आहे: तयार ६५ × ८५ इंच. मधला भाग १० इंची घरांचा, म्हणजे चौकोनांचा. आडवी ६, उभी ८, म्हणजे ४८ घरं. त्यातली २४ घरं मोठ्या छाप्याची अखंड, २४ घरं पट्ट्यांची. बुद्धिबळाच्या पटासारखी एकाआड एक. भोवती अडीच इंचाचा काठ.

लहान तुकड्यांची गोधडी करायची सवय असेल तर १० इंचाचं घर फार मोठं वाटेल. पण तळहाताएवढं फूल ४ इंचाच्या चौकोनात मावत नाही. त्याची फक्त लाल आणि हिरवी ठिगळं उरतात. मोठा छापा घेतलात तर घरही मोठंच हवं.

लागणारं कापड, ४४ इंच पन्हा धरून:

- मोठे छापे: ४ प्रकार, प्रत्येकी १ मीटर. प्रत्येकातून १०½ इंचाचे ६ चौकोन हवेत. धुऊन आटल्यावर मीटरभरात ९ निघतात, म्हणजे निवडीला वाव राहतो.
- पट्ट्यांसाठी: ४ प्रकार, प्रत्येकी ७५ सेंमी. प्रत्येकातून ३ × १०½ इंचाच्या २४ पट्ट्या.
- काठ: ७५ सेंमी. गोट (कडेवर दुमडायची पट्टी): ६० सेंमी.
- अस्तर: सव्वापाच मीटर, दोन पाट (लांब तुकडे) जोडून. किंवा जुनी, मऊ झालेली सहावारी सुती साडी मध्ये कापून दोन्ही तुकडे लांबीला लांबी लावून जोडायचे. ठाण्याच्या दमट हवेला साडीचं अस्तर केव्हाही बरं.
- भरण: जुन्या सुती साड्यांचे दोन थर, नाहीतर पातळ वॅडिंग (तयार मिळणारा भरणाचा थर). अस्तर आणि भरण दोन्ही ७३ × ९३ इंच, म्हणजे चारही बाजूंनी ४ इंच जास्त.

तपासा: दुकानात टेप घेऊन जा आणि छापा किती इंचांनी पुन्हा येतो ते मोजा. तोच मोर १२ इंचांपेक्षा लांब अंतरावर पुन्हा येत असेल, तर एका मीटरमधून नीट मधोमध बसलेले ६ मोर निघणार नाहीत. त्या कापडाचा दीड मीटर घ्या.

## २. कापड निवडताना: पंजा, मूठ, नख

रंग जुळवत बसण्याआधी छाप्याचा आकार पाहा. पंजाएवढा, मुठीएवढा आणि नखाएवढा अशा तिन्ही मापांचे छापे गोधडीत हवेत. मोठ्या चार कापडांत दोन पंजाएवढी, एक मुठीएवढं आणि एक रेघांचं किंवा जाळीचं. पट्ट्यांच्या चारांत दोन नखाएवढ्या बुट्टीची आणि दोन साधी किंवा साध्यासारखी दिसणारी: खादी, कॅम्ब्रिक, बारीक चौकडी. ही दोन साधी कापडं घेताना हात आखडतो, कारण ती गठ्ठ्यात अगदीच निरस दिसतात. तरीही घ्या. डोळ्याला टेकायला जागा तीच देतात.

मग गडद-फिकट पाहा. चार मोठ्यांत निदान एक गडद जमिनीचं (छाप्यामागच्या रंगाचं) आणि एक फिकट जमिनीचं असावं. लाल, हिरवं, निळं असे तीन वेगळे रंग घेतले आणि तिन्ही सारखेच गडद निघाले, तर लांबून ते एकच कापड वाटतं. सगळी कापडं एकमेकांवर पायऱ्यांसारखी रचून मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा. ज्यांच्यातली सीमा फोटोत दिसत नाही ती दोन कापडं शेजारी ठेवायची नाहीत.

पांढऱ्याचाही घोळ होतो. लठ्ठ्याचं शुभ्र पांढरं आणि मांजरपाटाचं पिवळसर पांढरं शेजारी आलं की मांजरपाट मळकं दिसतं, कितीही धुतलेलं असो. कलमकारीची जमीन बहुतेकदा पिवळसर असते, सांगानेरीची शुभ्र. दोन्ही हवीच असतील तर मध्ये गडद पट्टी येईल अशी मांडणी करा.

वारली चित्रांचं छापील कापड आपल्याकडे सहज मिळतं आणि गोधडीत फार सुंदर दिसतं, पण ते एका दिशेचं असतं. माणसं उलटी झाली की लगेच कळतं. तारप्याच्या नाचाचं वर्तुळ १० इंचांत पूर्ण मावत नसेल तर ते कापड काठासाठी ठेवा, घरांसाठी नको.

खरेदीला ठाण्यात जांभळी नाका आणि स्टेशनजवळचा बाजार, नवी मुंबईत वाशीची दुकानं. बेलापूरच्या सिडको अर्बन हाटमध्ये हातमाग-हस्तकलेचं प्रदर्शन लागलं असेल तर अजरख, दाबू, कलमकारी असे हातछपाईचे प्रकार एका फेरीत बघून होतात. निवड फार मोठी हवी असेल तर मुंबईचं मंगलदास मार्केट आहेच. कुठेही घ्या, पण कापड दुकानाच्या दाराशी आणून उजेडात पाहा. आतल्या पांढऱ्या दिव्यांखाली मातकट लाल आणि तपकिरी यांतला फरक कळत नाही.

सावधान: खडी छपाईचं (वर उठून बसलेल्या छाप्याचं) किंवा चमकीचं कापड घेऊ नका. इस्त्रीखाली ते चिकटतं आणि धुताना निघतं. रेयॉनही नको. ते सुतापेक्षा जास्त सुळसुळतं, शिवताना ताणतं, आणि सुताबरोबर शिवलं की घरांचे कोपरे जुळत नाहीत. जाळून पाहून रेयॉन ओळखता येत नाही, कारण ते सुतासारखंच जळतं. कापडाचा एक धागा ओढून काढा, मधोमध ओला करा आणि दोन्ही टोकं ओढा. रेयॉन ओल्या जागीच पटकन तुटतं. सूत ओलं झाल्यावर उलट जास्त तग धरतं.

## ३. धुणं आणि रंगाची परीक्षा

कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटतं. सगळी कापडं सारखी आटत नाहीत, त्यामुळे न धुता शिवलेली गोधडी पहिल्या धुण्यानंतर जागोजाग सुरकुतते. हा टप्पा गाळू नका.

प्रत्येक कापड वेगळ्या बादलीत कोमट पाण्यात, चिमूटभर साबण पावडर घालून अर्धा तास भिजवा. त्यात पांढऱ्या कापडाचा तुकडा टाकून ठेवा. तुकडा रंगला तर कापड पुन्हा धुवा, नवा पांढरा तुकडा टाका. अजरख, दाबू, बांधणी यांना तीन-चार पाणी लागू शकतात. पाचव्या पाण्यालाही तुकडा रंगत असेल तर ते कापड या गोधडीत नको, त्याची पिशवी शिवा.

मीठ किंवा व्हिनेगर घातलं की रंग बसतो, हे घरोघरी सांगितलं जातं. तयार छापील कापडाचा सुटणारा रंग त्यानं पक्का होत नाही. जास्तीचा रंग धुवून काढणं, एवढाच खात्रीचा मार्ग आहे.

कापड अर्धवट दमट असतानाच इस्त्री करा आणि दोन्ही बाजूंची किनार काढून टाका. किनार घट्ट विणलेली असते. ती तुकड्यात राहिली तर तिथे ओढ येते.

## ४. पुठ्ठ्याची खिडकी

खोक्याचा जाड पुठ्ठा घ्या, १४ × १४ इंच. त्याच्या मधोमध बरोबर १० × १० इंचाचं भोक कापा. हे साधन फुकटात होतं आणि कापड खरं वाचवतं तेच.

कापड जमिनीवर सपाट पसरा आणि खिडकी त्याच्यावर सावकाश सरकवा. खिडकीत जे दिसतं तेच गोधडीत दिसणार आहे. कमळ बरोबर मध्ये आणलंत की ते सुबक दिसतं, पण सहाही घरांत कमळ मधोमध असेल तर गोधडी फरशीसारखी ठोकळेबाज होते. म्हणून सहापैकी तीन घरांत आकृती मध्ये ठेवा आणि तीन घरांत ती एका कोपऱ्यातून आत येताना दिसू द्या: अर्धवट फूल, वळणारी वेल, पक्ष्याचं डोकं आणि पुढे मोकळी जागा. मात्र आकृती बरोबर मध्यातून कापली जाऊ नये. मधोमध कापलेला पक्षी चूक वाटतो. एक तृतीयांशावर कापलेला पक्षी मुद्दाम तसा ठेवलाय हे कळतं.

जागा ठरली की खिडकीच्या आतल्या चार कोपऱ्यांवर खडूची खूण करा. कापायची रेघ या खुणांच्या बाहेर पाव इंच. तोच पाव इंच शिवणीत जातो.

तपासा: खिडकी कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्याला समांतर आहे ना? छापा तिरका छापला गेला असेल तर तिरपं कापायचा मोह होतो. थोडा तिरका छापा चालतो. धाग्याला तिरपा कापलेला चौकोन शिवताना ताणला जातो आणि चौकोन राहत नाही.

## ५. पहिली कापणी: १६ घरांपुरतीच

चारही मोठ्या कापडांतून प्रत्येकी २ चौकोन कापा, एकूण ८. पट्ट्यांच्या प्रत्येक कापडातून ८ पट्ट्या, एकूण ३२. यातून १६ घरांची चाचणी मांडता येते. चौकोन कापडाच्या एका टोकाकडून काढा. मधूनच कापलंत तर उरलेल्या कापडात खिडकी फिरवायला जागा राहत नाही.

पट्ट्या अजून शिवायच्या नाहीत.

## ६. मांडणी

इथे घाई करू नका. निदान दोन दिवस द्या.

जागा: कपाटाच्या दारांवर जुनी फ्लॅनेलची चादर किंवा पातळ ब्लँकेट ताणून लावा. सुती तुकडे त्याला आपोआप धरून राहतात, थोडे घसरले तर टाचणी लावा. नाहीतर पलंगावर मांडा. पंखा बंद करायला विसरू नका. दाराबाहेरून पंखा लावणाऱ्या घरच्या माणसांनाही आधी सांगून ठेवा.

मांडताना शेजारचे तुकडे एकमेकांवर अर्धा इंच चढवा. शिवल्यावर तेवढंच कापड आत जाणार आहे. तुकडे कडेला कडा लावून मांडले तर पट्ट्या आहेत त्यापेक्षा रुंद दिसतात आणि अंदाज चुकतो. प्रत्येक पट्टीघर चार पट्ट्यांचं.

क्रम असा ठेवा:

१. सगळ्यांत ठळक कापडाचे दोन चौकोन आधी. एकमेकांपासून लांब, पण एका ओळीत नाहीत आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांतही नाहीत.

२. मग गडद जमिनीचे दोन. चारही कोपऱ्यांत गडद आलं तर चौकट तयार होते आणि मधला भाग रिकामा वाटतो.

३. मग उरलेले चार. शेवटी पट्ट्या, एका घरात उभ्या तर पुढच्यात आडव्या.

आता लांब जा. आपल्या घरांतल्या खोल्या दहा फुटांच्या, तेव्हा दाराबाहेर पॅसेजमध्ये उभं राहून पाहा. डोळे किलकिले करा. मग फोटो काढा, एक रंगीत, एक काळा-पांढरा. काळ्या-पांढऱ्या फोटोत पट्ट्यांची घरं आणि अखंड घरं वेगवेगळी ओळखू येतात का? नसतील तर रंग कितीही छान असोत, गोधडीचा आराखडा हरवणार.

जे खटकतं त्याप्रमाणे उपाय निवडा. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलाचा फोटो ठेवा. एकदम तीन तुकडे हलवलेत तर कशानं सुधारलं ते कळणार नाही.

सगळाच गलका वाटतोय: मोठे छापे कमी करू नका. पट्ट्यांतली बुट्टीची कापडं काढून त्या जागी साध्या पट्ट्या ठेवून बघा. बहुतेकदा दोष मोठ्या छाप्याचा नसतो, शेजारच्या पट्ट्यांतल्या छाप्याचा असतो. छापील पट्टी मोठ्या छाप्याला लागून आली की दोघांच्या कडा दिसेनाशा होतात.

एकच चौकोन उडी मारून पुढे येतोय: त्याचा एक रंग, समजा झेंडूचा केशरी, आणखी दोन ठिकाणी पट्टीत आणा. मग तो एकटा राहत नाही. तरी पुढेच येत असेल तर ते कापड काढा, ते काठात वापरता येईल.

सगळं छान, पण मरगळलेलं: बहुधा खरा गडद रंगच नाही. प्रत्येक पट्टीघरात चारपैकी एक पट्टी गडद निळी किंवा काळपट तपकिरी करून बघा. रुंदी फक्त अडीच इंच, पण सगळी मांडणी उभी राहते.

नजर एका बाजूला ओढली जातेय: एका दिशेच्या छाप्यातले सगळे पक्षी किंवा हत्ती एकाच बाजूला तोंड करून आहेत. निम्मे चौकोन पलंगाच्या दोन्ही बाजूंनी सुलटे दिसतील असे फिरवा. गोधडी भिंतीवर टांगायची नसते, तिच्याकडे चारही बाजूंनी पाहिलं जातं.

रात्री मांडणी तशीच ठेवा आणि सकाळच्या उजेडात पुन्हा पाहा. रात्रीच्या पिवळ्या दिव्यात गोड दिसणारं पिवळं-गुलाबी सकाळी कधी कधी भडक निघतं. दोन्ही उजेडांत चालेल तीच मांडणी धरा.

सावधान: चाचणीत एखादं कापड बाद झालं तर त्याच्या जागी लगेच नवं कापड आणायला धावू नका. आधी उरलेल्या तीन कापडांचे चौकोन वाढवून, सहाऐवजी आठ-आठ करून बघा. मीटरभरातून नऊ निघतात, म्हणजे कापड पुरतं.

## ७. उरलेली कापणी आणि जोडणी

आता उरलेले चौकोन आणि पट्ट्या कापा, ४८ घरांची पूर्ण मांडणी पलंगावर करा. अर्धा इंच चढवून मांडलं की ती साधारण ६० × ८० इंच होते, डबल बेडवर बसते. फोटो काढा. प्रत्येक घराला चिठ्ठी टाचा: ओळ, घर आणि वरची बाजू दाखवणारा बाण. फक्त फोटोवर विसंबून शिवायला बसलात तर बाराव्या घराच्या आसपास एक तरी घर फिरलेलं असतं.

मशिनला ८० नंबरची सुई, टाका सव्वादोन ते अडीच मिमीचा, शिवण पाव इंच. आधी एकच पट्टीघर शिवा, इस्त्री करा, मोजा. ते १०½ इंच भरलं पाहिजे. सव्वादहा भरलं, तर तीन शिवणींत मिळून पाव इंच जास्त गेलाय, म्हणजे दर शिवणीत दोन मिमी. शिवण फक्त एक मिमीनं रुंद झाल्यावरही एवढं होतं. सगळी २४ घरं शिवून झाल्यावर हे लक्षात आलं तर उसवण्याशिवाय इलाज नाही.

इस्त्री ढकलू नका, दाबून उचला. शिवण गडद कापडाच्या बाजूला वळवा, नाहीतर फिकट कापडाखाली तिची सावली दिसते. घरं आधी ओळीत जोडा. पहिल्या ओळीच्या शिवणी उजवीकडे, दुसरीच्या डावीकडे वळवल्या की ओळी जोडताना कोपरे एकमेकांत अडकून बरोबर बसतात. शेवटी काठ. काठाची पट्टी गोधडीच्या मधोमध मोजून तेवढीच कापा. कडेला लावत शिवत गेलं की पट्टी हळूहळू जास्त खपते आणि काठ लहरतो.

## ८. थर, कच्चे टाके, धावदोरा

लादी पुसून अस्तर उलटं पसरा, कडा चिकटपट्टीनं लादीला चिकटवा. घट्ट ताणू नका, फक्त चुणी राहू नये. त्यावर भरण, त्यावर वरचा थर सुलटा. मध्यापासून कडेकडे हातानं सपाट करत जा.

कच्चे टाके मधूनच सुरू करून चार-चार इंचांवर, उभे आणि आडवे. सेफ्टी पिना लावायच्या तर चार इंचांवर एक धरून तीनशेहून जास्त लागतात. कच्चे टाकेच परवडतात.

आपली गोधडी परंपरेनं कडेपासून आत, चौकोनात चौकोन अशी टाक्यांनी भरली जाते. ती चाल इथेही चालते. पण कच्चे टाके विरळ असतील तर सगळी ढिलाई सरकत मध्यात जमते आणि तिथे फुगा येतो. तो नंतर काढता येत नाही.

मोठ्या छाप्यावर टाका साधाच असावा: एक ते दीड इंचावर सरळ रांगा. प्रत्येक फुलाच्या पाकळीभोवती टाके घालायचा हव्यास नको. छाप्यात ते हरवतात आणि साध्या पट्ट्यांवर मात्र एकदम उघडे पडतात. दोऱ्याचा रंग ठरवायला शिल्लक पट्टीवर तीन रंगांच्या तीन रांगा घालून लांबून पाहा. मशिननं भरायचं असेल तर ९० नंबरची सुई, टाका ३ मिमी आणि वॉकिंग फूट (सगळे थर एकसारखे पुढे सरकवणारा मशिनचा पाय). त्याच्याशिवाय वरचा थर पुढे सरकतो. भरण पिंजलेल्या कापसाचं असेल तर रांगांमधलं अंतर दोन इंचांच्या वर नको, नाहीतर कापूस गोळा होतो.

## ९. गोट आणि पहिलं धुणं

अडीच इंची पट्ट्या जोडून ३१२ इंचांची लांब पट्टी करा, उभी दुमडा, वरच्या बाजूनं पाव इंचावर शिवा, मागे वळवून हातानं तुरपा. कोपऱ्याच्या पाव इंच आधी थांबून पट्टी आधी वर आणि मग खाली दुमडली की कोपरा टोकदार बसतो. गोट घरांतल्या सगळ्यांत गडद कापडाच्या रंगाचा असावा. फिकट गोट कडेला पुसट होतो आणि मळतोही लवकर.

पहिलं धुणं गार पाण्यात, एकटीच गोधडी, पांढरा तुकडा बरोबर टाकून. भिजत ठेवू नका. पिळू नका, दाबून पाणी काढा. वाळत घालताना दोन दोऱ्यांवर पसरवा म्हणजे ओझं एकाच रेघेवर येत नाही, आणि छाप्याची बाजू आत ठेवा, नाहीतर ऊन रंग खातं. पावसाळ्यात फ्लॅटच्या ग्रिलवर एवढी गोधडी दोन-दोन दिवस ओलसर राहते आणि कुबट वास धरते. त्यामुळे पहिलं धुणं मे महिन्यातच उरकून घ्या, किंवा सरळ ऑक्टोबरपर्यंत थांबा.